खारघर-कामोठे-उलव्यात दुकान टाकायचंय? गाळा बघण्याआधी हे बघून घ्या

नवी मुंबईच्या या टोकाला गाळा शोधणं हे सगळ्यात सोपं काम आहे. गाळे पैशाला पासरी आहेत, म्हणजे भाडं स्वस्त आहे असं नाही, पण आहेत भरपूर. खारघर, कामोठे, उलवे, कुठल्याही सेक्टरात आतल्या रस्त्याला एक चक्कर मारा, सात मजली बिल्डिंग, खाली सहा-आठ शटर, त्यातली तीन बंद, आणि बंद शटरवर ब्रोकरचा फ्लेक्स जो उन्हाने इतका पांढरा पडलाय की मोबाईल नंबरातला शेवटचा आकडा वाचता येत नाही. मी डिस्ट्रिब्युटरकडे ऑर्डर बुकिंगचं काम करतो, बिस्किटं, साबण, टूथपेस्ट असला माल, माझी बीट, म्हणजे ऑर्डर घेत फिरायचा भाग, याच पट्ट्यात आहे, त्यामुळे कुठलं दुकान कधी उघडलं, कधी माल घ्यायचं कमी केलं आणि कधी चेक परत जायला लागले हे सगळं समोरून दिसतं. बरेच जण विचारतात की रिटायरमेंटचे पैसे आलेत, गाळा घेऊ का, किंवा बायकोला काहीतरी टाकून द्यायचंय, कुठे टाकू. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की एवढे गाळे आले कुठून. गिऱ्हाईक खूप आहे म्हणून दुकानं बांधली असं इथे झालेलं नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेत जे प्लॉट मिळाले त्यांना दीड एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या दीडपट बांधकाम, आणि त्यातलं १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम दुकानांसाठी वापरता येतं. बिल्डरला दुकानाचा स्क्वेअर फूट फ्लॅटपेक्षा महाग विकता येतो, मग तो १५ टक्के कशाला सोडेल? झालं, प्रत्येक बिल्डिंगच्या पायथ्याला दुकानांची रांग. वर अठ्ठावीस फ्लॅट आणि खाली आठ दुकानं, आता त्या अठ्ठावीस घरांवर आठ जणांचं पोट कसं चालणार हे गणित कोणी केलेलंच नाही, कारण गाळे घेणाऱ्यांतले निम्मे लोक दुकान चालवायला घेतच नाहीत, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतात आणि भाडं कमी करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं, त्यापेक्षा दोन वर्षं बंद ठेवतील. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की घाई करायची अजिबात गरज नाही, गाळा कुठे पळून जात नाही, ब्रोकर कितीही म्हणाला की उद्या दुसरी पार्टी येतेय तरी.

माणसं कुठून घरी जातात ते बघा

रेसिडेन्शियल एरियातला धंदा हा परतीच्या वाटेवरचा धंदा आहे. सकाळी माणूस लोकल पकडायला धावत असतो, तो फार तर वडापाव आणि चहा घेईल. खरेदी होते संध्याकाळी, घरी जाताना, आणि ती पण ज्या बाजूने तो चालतोय त्या बाजूला. रस्ता मोठा असेल, मधे डिव्हायडर असेल तर पलीकडचं दुकान त्याच्यासाठी नसल्यासारखंच आहे. माझ्या बीटवर एकाच रस्त्याला समोरासमोर दोन जनरल स्टोअर आहेत, माल तोच, भाव तोच, आणि परतीच्या बाजूच्या दुकानातून मला दर आठवड्याला ऑर्डर मिळते, समोरच्याकडून पंधरा दिवसांनी, ती पण अर्धी.

तर गाळा पसंत पडला की त्याच्यासमोर संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ उभं राहायचं. एक दिवस मधल्या वारचा, एक शनिवार, एक रविवार. नुसती माणसं मोजू नका, हातात काय आहे ते बघा. हातात आधीच भाजीची पिशवी, दुधाची पिशवी असेल तर तो माणूस स्टेशनबाहेरच खरेदी करून आलाय, तुमच्यासमोरून जाईल पण थांबणार नाही, त्याला विकायचं असेल तर स्टेशनला मिळत नाही असं काहीतरी ठेवावं लागेल. रिकाम्या हाताने जाणारे जास्त असतील तर जागा चांगली. बाईकवाले, कारवाले वेगळे मोजा आणि गाडी लावायला जागा नसेल तर ते सोडूनच द्या, उलव्यात हा प्रश्न मोठा आहे, अटल सेतूवरून गाडीने येणारा माणूस थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतो, तुमचा बोर्ड त्याला दिसतसुद्धा नाही. तिथे पायी येणारं गिऱ्हाईक बामणडोंगरी आणि खारकोपर स्टेशनवरून येतं, ती लाईन खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आणि पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तिथे लोकांच्या पायी चालायच्या वाटा अजून ठरतायत.

परतीची वाट बदलते पण, हे विसरू नका. खारघरमध्ये आधी सगळे हार्बर लाईनच्या स्टेशनला उतरून रिक्षा नाहीतर बस धरायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, अकरा स्टेशनं, आणि आतल्या सेक्टरातले काही लोक आता बेलापूरलाच उतरून मेट्रोने येतात, म्हणजे त्यांचा शेवटचा पाच मिनिटांचा रस्ता वेगळा झाला. मेट्रोच्या जिन्याखालचा कोपरा जो आधी कोणी विचारत नव्हतं तिथे आता ज्यूसवाला, मोबाईल कव्हरवाला उभा असतो. फेरीवाला कुठे उभा राहतो ते बघा, त्याच्यापेक्षा मोठा सर्व्हेअर नाही, त्याला भाड्याचं बंधन नसतं, गिऱ्हाईक नसेल तिथे तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

कागदावर मार्केट कुठे दाखवलंय यावर मात्र जाऊ नका. सिडको १९७० मध्ये झाली, प्लॅनमध्ये बेलापूरला सीबीडी, म्हणजे मुख्य धंद्याचं ठिकाण ते असणार होतं. पण खाडीवरचा पूल ७३ मध्ये वाशीत उतरला, मुंबईतले घाऊक बाजार ८०-९० च्या दशकात वाशी-तुर्भ्याला एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत आले, ९२ मध्ये लोकल आली ती पण आधी वाशीपर्यंतच, आणि खरेदीचं मार्केट जमलं ते वाशीत, सेक्टर १७ आणि आजूबाजूला. बेलापूरला ऑफिसं आली पण संध्याकाळी सातनंतर ऑफिसांच्या रस्त्याला काय धंदा होणार? तुमच्या ब्रोकरच्या हातातल्या नकाशावर जिथे 'फ्युचर कमर्शियल हब' लिहिलंय तिथे माणसं कशाने उतरणार हे एकदा विचारा. विमानतळाचंही तेच, विमान पकडायला जाणारा माणूस उलव्याच्या गल्लीत टूथब्रश घ्यायला येत नाही, तिथे काम करणारा माणूस भाड्याने राहायला आला तर तो येईल, तेव्हा त्याची वाट बघा, फ्लेक्सवरच्या विमानाची नको.

घरात माणसं राहतात का

नुसते फ्लॅट मोजून काही कळत नाही. नवीन सेक्टरात निम्मे फ्लॅट बंद असू शकतात. रात्री साडेआठला खाली उभं राहून वर बघा, किती खिडक्यांत लाईट आहे, किती बाल्कन्यांत कपडे वाळतायत. त्याहून पक्की माहिती पाहिजे तर पेपरवाला आणि दूधवाला गाठा, कुठल्या बिल्डिंगमध्ये किती घरं चालू आहेत हे त्यांना सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक असतं. वॉचमनला विचारलं तर तो सगळे राहतात म्हणेल.

मग राहतंय कोण ते बघायचं. कॉलेजची पोरं शेअरिंगमध्ये राहत असतील तर मॅगी, अंडी, छोटे शाम्पू, रात्री अकरापर्यंत दुकान उघडं पाहिजे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब महिन्याचं सामान डी-मार्टमधूनच आणणार, ते धरूनच चला, तुमच्याकडे ते येणार संपलेली कोथिंबीर, पावशेर रवा आणि पोराच्या प्रोजेक्टचा कार्डपेपर घ्यायला. आजी-आजोबा जास्त असतील तर मेडिकल, फिजिओ, फुलं-पूजेचं सामान.

आता पैशाचं गणित, आणि हे कागदावर लिहूनच करा, मनात केलं की नेहमी फायदाच निघतो. समजा भाडं २५ हजार, सोसायटीचं मेंटेनन्स २ हजार, लाईटबिल ५ हजार कारण मीटर कमर्शियल असतो, एक पोऱ्या १५ हजार, किरकोळ ३ हजार. झाले ५० हजार. तुमच्या घरखर्चाला ३० हजार काढायचे तर ८० हजार. किराण्यात सरासरी १२ टक्के सुटतात असं धरलं तर महिन्याला साधारण ६ लाख ६७ हजारांची विक्री पाहिजे, म्हणजे रोज २२ हजार, आणि बिल सरासरी २०० रुपयांचं असेल तर रोज १११ गिऱ्हाईक. रोज, पावसातही. आता तोच गाळा, पण पोळीभाजी केंद्र. लाटायला दोन बायका अजून, २४ हजार वाढवा, खर्च १ लाख ४ हजार. पण इथे मालाचा खर्च निम्मा धरला तरी विक्री लागते २ लाख ८ हजार, रोज ७ हजाराच्या आत, ८० रुपयाच्या बिलाने सत्त्याऐंशी गिऱ्हाईक. मेहनत दुप्पट आहे, पहाटे पाचला कणीक मळायला लागते, पण आकडा आवाक्यातला आहे. आकडे माझे धरलेले आहेत, तुमचे घाला, रीत तीच.

आणि उधारी या गणितात कुठेच नाहीये, ती वेगळी.

कोणता धंदा टिकतो

माझं स्पष्ट मत, नवीन माणसाने आज आतल्या गल्लीत प्लेन किराणा टाकू नये. मी तोच माल विकतो तरी सांगतोय. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टवाले दहा-पंधरा मिनिटात दूध-ब्रेड दारात आणून देतात, त्यांचं भाव कमी करण्याचं बळ तुमच्याकडे नाही. जे मोबाईलमधून येऊ शकत नाही ते करा. दळण मोबाईलवरून येत नाही, ब्लाऊज उसवून परत शिवणं येत नाही, केस कापणं, चावी बनवणं, मिक्सर दुरुस्ती, साफ करून दिलेली मासळी, गरम पोळी, पोरांचे क्लास, दातांचा डॉक्टर, हे सगळे गाळे माझ्या बीटवर वर्षानुवर्षं तेच आहेत, बोर्डसुद्धा बदललेला नाही. केक शॉप आणि मोमो-शॉर्मावाले मात्र दर दिवाळीला नवीन.

चक्की टाकणार असाल तर थ्री फेज कनेक्शन आणि लोड आधी बघा, आणि वरच्या मजल्यावर हादरे जातात त्यावरून भांडणं होतात ती गृहीत धरा. खायचं काही करणार असाल तर धूर. हा मुद्दा लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि तिथेच अडकतात. कामोठ्यात एका ताईंनी सगळं सामान घेतलं, स्टीलचं टेबल, तवा, फ्रीज, बोर्डसुद्धा लागला, आणि पहिल्या मजल्यावरच्यांनी फोडणीच्या वासाची तक्रार केली. सोसायटी म्हणाली चिमणीचा डक्ट गच्चीपर्यंत न्या, मागच्या भिंतीवरून न्यायचा तर सगळ्यांच्या किचनच्या खिडक्या मधे येतात, मग प्रत्येक मजल्याची सही पाहिजे. चार महिने भाडं बसून भरलं त्यांनी. सोसायटीची लेखी परवानगी डिपॉझिट देण्याआधी हातात पाहिजे, तोंडी 'काही प्रॉब्लेम नाही हो' चालत नाही, कारण पुढच्या वर्षी कमिटी बदलते.

गाळा आतून बघताना

टेप घेऊन जा. मालक सांगतो २५० फूट, आत मोजलं की दीडशे-पावणेदोनशे भरतं, बाकी सगळं लोडिंग, म्हणजे जिना-पॅसेज असल्या कॉमन जागेचा धरलेला वाटा. भाडं भिंतीच्या आतल्या फुटावर काढून मगच दुसऱ्या गाळ्याशी तुलना करा. पोटमाळा आहे का, असला तर प्लॅनमध्ये मंजूर आहे की मालकाने मागाहून टाकलाय. पाणी आणि मोरी आत आहे का, गाळेवाल्यांसाठी कॉमन टॉयलेट आहे का आणि त्याची चावी कोणाकडे असते, हसू नका, बाईमाणूस दुकानात दिवसभर बसणार असेल तर हा पहिला प्रश्न आहे.

दुकानासमोरची जी मोकळी जागा असते, मार्जिनल स्पेस, ती दाखवून ब्रोकर म्हणेल की टेबलं इथे लावा, शेड टाका, सगळे टाकतात. सगळे टाकतात खरं, पण महापालिकेची गाडी आली की शेड, टेबल, फ्रीज सगळं उचलून नेते. तुमचा धंदा त्या बाहेरच्या जागेवरच अवलंबून असेल तर तो गाळा तुमच्यासाठी लहान आहे, असं समजा.

बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का विचारा, नुसतं विचारू नका, कॉपी मागा. लाईटबिलाची थकबाकी बघा. मालमत्ता कराची तर नक्कीच, पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात गेलं, मागच्या वर्षांचा कर एकदम आल्यावर केवढा गोंधळ झाला ते इथल्यांना सांगायला नको, बऱ्याच जणांनी भरलाच नाही. विकत घेत असाल तर तो डोंगर तुमच्या डोक्यावर येणार. शिवाय जमीन सिडकोच्या लीजची असेल तर ट्रान्सफरला सिडकोची एनओसी आणि चार्जेस असतात, ते कोण भरणार हे आधी ठरवा. पण खरं सांगू का, पहिल्या झटक्यात विकत घेऊच नका. भाड्याने वर्ष-दोन वर्ष चालवून बघा, गाळे संपणार नाहीत हे वर सांगितलंच आहे.

भाड्याचं अॅग्रीमेंट रजिस्टरच करायचं, लिव्ह अँड लायसन्स, आणि ते करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. साठ महिन्यांपर्यंत करता येतं, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, रजिस्ट्रेशन फी शहरात हजार रुपये, ऑनलाईन होतं. अकरा महिन्यांचं करू नका. फर्निचरवर चार-पाच लाख घातले आणि अकराव्या महिन्यात मालक म्हणाला भाडं दुप्पट, तर काय कराल? तीन वर्षांचं करा, दरवर्षी किती वाढ ते आकड्यात लिहा, लॉक-इन, म्हणजे अॅग्रीमेंट मोडता येत नाही तो काळ, मालकासाठी पूर्ण आणि तुमच्यासाठी सहा महिन्यांचं मागा, सगळे देत नाहीत पण ज्याचा गाळा वर्षभर बंद आहे तो देतो. फर्निचर लावायला एक महिना बिनभाड्याचा, हा पण मागायचा, लाजायचं नाही. जीएसटीचा एक बारीक मुद्दा, तुम्ही (कंपोझिशन स्कीम सोडून) जीएसटीत असाल आणि मालक नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हाला भरावा लागतो, त्यामुळे सीएला आधी विचारा.

लायसन्सचं लोक उगाच टेन्शन घेतात. दोन-चारच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाईन सूचना द्यायची असते, जुनं गुमास्ता, म्हणजे दुकानाचं लायसन्स काढायचं प्रकरण राहिलेलं नाही. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, कोणी दोन हजार मागितले तर उठून या. खायचं असेल तर फूड लायसन्सची नोंदणी. बोर्ड मराठीत, देवनागरी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, आणि २०२२ पासून हे छोट्या दुकानांनाही लागू आहे, बोर्डवाल्याला डिझाईन देतानाच सांगा म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत. भांडवलासाठी सरकारी मुद्रा योजनेचं कर्ज आहे, शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि सबसिडी पाहिजे तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, पण ती सबसिडी हातात येईल असं धरून गाळ्याचं टोकन देऊ नका.

दुकान एकटं चालत नाही

ओळीतली आठपैकी सहा शटर उघडी असली की रस्ता जिवंत वाटतो, दोनच असली की संध्याकाळी सातनंतर बाया तिथून जायचं टाळतात. म्हणून शेजारी कोण आहे हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. मेडिकल, क्लास, दवाखाना शेजारी असेल तर डोळे झाकून जा, ते माणसं आणतात आणि ती माणसं बाहेर थांबतात. क्लासबाहेर पोराची वाट बघत उभी असलेली आई म्हणजे रोजचं पाऊण तासाचं गिऱ्हाईक आहे. रिकाम्या गाळ्यांच्या मालकांना गाठून क्लासवाल्याला, दवाखान्याला जरा कमी भाड्यात द्या म्हणून सगळ्या दुकानदारांनी मिळून सांगितलेलं मी एका ठिकाणी बघितलंय, वर्षात अख्खी ओळ भरली.

फेरीवाल्यांना हाकलायच्या मागे लागू नका. भाजीवाली ताई तुमच्या ओळीच्या तोंडाशी बसते म्हणून बायका त्या गल्लीत वळतात, ती उठली की तुमचा पण धंदा पडतो, मागाहून कळतं. २०१४ च्या फेरीवाल्यांच्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती आहे, फेरीवाल्यांच्या जागा ठरवण्यात तिचं म्हणणं लागतं, तिथे दुकानदारांनी जाऊन जागा नीट आखून घ्या, फूटपाथ मोकळा राहील इतपत. मैदानात किंवा सोसायट्यांच्या मधल्या प्लॉटवर शेतकरी आठवडे बाजार येत असेल तर त्या दिवशी दुकान बंद ठेवण्यापेक्षा उलट दारात टेबल लावा, स्वतःच्या ओट्यावर, बाहेर नाही.

राहिला मुहूर्त. गुढीपाडव्याला उद्घाटन करायची हौस असते, पण लगेच एप्रिल-मे येतो आणि अर्धी सोसायटी गावाला जाते, नवीन दुकानाचे पहिले दोन महिने रिकामे गेले की माणूस खचतो. गणपतीतही तेच, इथला कोकणी माणूस बॅगा भरून निघतो, कणकवली-रत्नागिरीच्या गाड्या भरल्या की आपले सेक्टर ओस. मे महिन्यात अॅग्रीमेंट करा, फर्निचरचा बिनभाड्याचा महिना त्यातच काढा, आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात शटर उघडा.